मायरिगला सापडलेली सही

रात्रभर भुरभुर पाऊस पडून फेब्रुवारीतली ती सकाळ भिजलेल्या घोंगड्यासारखी जड झाली होती. समुद्राकडून वारा यायचा, डोंगराच्या पोटात शिरायचा आणि आणखी ओला होऊन परत फिरायचा. मायरिगने टोपी कानांवर ओढली, वाळक्या गवताचा भारा खांद्यावर टाकला आणि वरच्या कुरणाची वाट धरली. रविवार होता. रविवारी काम करू नये हे मायरिगला पूर्ण मान्य होतं. मेंढ्यांना मान्य नव्हतं.

गाभण मेंढ्या त्याच्या गुडघ्यांना ढुशा देत भोवती जमल्या. त्याने भारा सोडला, गवत पांगवलं आणि मग, दर रविवारी होतं तसं, त्याचं डोकं कामावरून उडालं. एक म्हातारी मेंढी डोळे अर्धे मिटून रवंथ करत होती. पोटाचे चार कप्पे, मायरिगच्या मनात आलं. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून परत तोंडात, तोंडातून तिसऱ्यात. हे काय आपोआप झालं? कुणीतरी बसून, विचार करूनच केलं असणार. मायरिग कौतुकाने आणखी खाली वाकला. मेंढी खोकली, आणि चार कप्प्यांमधला पहिला ऐवज त्याच्या बुटावर येऊन पडला.

मायरिगला ही खोड होती, आणि आपल्याला ती आहे हे त्याला माहीत होतं. जगातल्या कुठल्याही वस्तूत त्याला देवाचा हात दिसायचा, आणि दिसला की गप्प बसवायचं नाही. खिशात हात घालून मायरिग येताना दिसला की खाली गावातली माणसं रस्ता ओलांडून पलीकडे जात, कारण त्या खिशात हमखास काहीतरी पुरावा असायचा. कधी आडवा कापलेला कोबी, आतली वेटोळी दाखवायला. कधी समुद्रावरचा शिंपला. एकदा तर चॅपलच्या, म्हणजे गावातल्या छोट्या प्रार्थनाघराच्या, दारात त्याने मिस मार्गेदच्या तळहातावर घुबडाने ओकलेली गोळी ठेवली होती, आत उंदराची हाडं कशी नीट घडी घालून बांधलीत ते बघा म्हणून. मिस मार्गेदनी त्या दिवशी हार्मोनियम हातमोजे घालून वाजवली. हे किस्से मायरिग बाजारात स्वतःच सांगायचा, आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायचा. आपण आधी हसलो की दुसऱ्याचं हसू कमी बोचतं, हे त्याला चाळीस वर्षांच्या अनुभवाने कळलं होतं.

पण गेलं वर्षभर या खोडीला एक कारण होतं, आणि ते हसण्यासारखं नव्हतं. ते कारण म्हणजे इद्वल.

इद्वल म्हणजे त्याचा शेजारी. शेजारी म्हणजे मधे एक ओढा आणि दोन भिंती. दोघांच्या मेंढ्या डोंगरावर एकाच कुरणात, लोकर कातरणी एकत्र, आणि हेर्मोन चॅपलमध्ये लहानपणापासून एकाच बाकावर. मायरिग भिंतीकडे, इद्वल वाटेकडे. चार आवाजांत गाणं व्हायचं त्यात खर्ज लावायचा तो इद्वलने. तो काही फार सुरेल गवई होता असं नाही, पण त्याने खालचा सूर धरला की बाकीच्या तिन्ही आवाजांना पायाखाली जमीन असल्यासारखं वाटायचं. गेल्याच्या गेल्या वर्षी नाताळाच्या आधी त्याची बायको नेस्ता गेली. दफन झालं, लोकांनी हात मिळवले, चहा झाला, आणि त्या दिवसानंतर इद्वल चॅपलची पायरी चढला नाही.

खर्जाची जागा मायरिगला देण्यात आली. मायरिगचा आवाज मुळात वरचा. तो खाली उतरायला लागला की अर्ध्या जिन्यात बेडूक बसलेला असायचा. मे महिन्यात सगळ्या आसपासच्या चॅपलांचा गायनाचा मोठा मेळा. मिस मार्गेद म्हणाल्या होत्या, "मायरिग, तुम्ही खर्जात नुसता ओठ हलवलात तरी देव समजून घेईल."

पण गाणं हे आपलं सांगायचं कारण. खरी गोष्ट अशी होती की बाकाचं दुसरं टोक रिकामं असलं की मायरिगला प्रार्थनेत डोळे मिटवत नव्हते. त्याला इद्वल परत हवा होता. बास, एवढंच.

म्हणून त्याने सरळ जाऊन विचारलं होतं. इद्वल गोठ्यात कुदळीचा दांडा बसवत होता.

"येत का न्हाईस रं?"

"कशाला येऊ?"

"कशाला म्हंजे? देव..."

"एक गोष्ट दाखव," इद्वल म्हणाला होता, दांड्यावरून नजर न काढता. "एकच. जी बघून मला वाटंल की हितं कुणीतरी हाय, आन् त्याला माझं नाव ठावं हाय. दाखव, येतो."

दुसऱ्या कुणी हे ऐकलं असतं तर शेजारी बसून त्याचा हात धरला असता. मायरिग घरी गेला आणि पुरावे गोळा करायला लागला.

आधी त्याने खडकावरचा शिंपला नेला. ओहोटीला हा चरायला हिंडतो आणि भरतीच्या आधी बरोबर आपल्याच जागेवर येऊन बसतो, कवचाची कड त्या खडकाला तंतोतंत बसते, हे त्याने इद्वलला हातवारे करून सांगितलं. इद्वल म्हणाला, "आन् गोचीड? ती पण बराबर बसती. तिला कुणी शिकवलं?" मग मायरिगने मेंढीच्या पहिल्या दुधाचं सांगितलं, पिवळं, घट्ट, कोकराला पहिल्या दिवशी जे लागतं ते सगळं त्यात. इद्वल म्हणाला, "आन् कावळा? कोकरू निम्मं भायेर आलेलं असतं आन् हा डोळं फोडून मोकळा. त्याचा काय हेतू?"

"त्याचापण काहीतरी असंल."

"हाय की. पोट भरायचा."

मायरिगने कावळ्याचं हे कोडं घरी जाऊन बायकोला, एलिनेदला, विचारलं. ती कांद्यासारखी लीकची पात चिरत होती. ती म्हणाली, "माणसाची बायको मेलीया, आन् तू त्याला शिंपलं दाखवतोयस. तुझ्या डोक्याची रचना कुणी केली ते आधी शोध." हे मायरिगला लागलं, आणि पटलंही. तरी पुढच्या आठवड्यात तो बर्फाचा कण घेऊन गेला, म्हणजे निघाला, पोचेपर्यंत त्याच्या तळव्यावर थेंबभर पाणी होतं. इद्वलने ते पाणी निरखून बघितलं आणि म्हणाला, "छान हाय."

तर त्या रविवारी सकाळी बुटावरचा रवंथ गवताने पुसत मायरिग उभा होता, तेवढ्यात तीच म्हातारी मेंढी भिंतीच्या खिंडारातून पसार झाली. शिव्या देत (रविवार असल्यामुळे मनातल्या मनात) तो मागे धावला. मेंढी ओढा ओलांडून इद्वलच्या घरामागच्या सुळक्यावर चढली. या सुळक्यावर कुणी जात नाही, कारण वर जाऊन मिळवायचं काहीच नाही. मायरिग चार पायांवर चढला. माथ्यावर पोचून, धाप टाकत, एका दगडाला धरून त्याने पलीकडे बघितलं.

खाली इद्वलच्या घराचं छप्पर. घरासमोर अरुंद दरी, आणि दरीच्या पलीकडचा उतार, जो खालच्या वाटेवरून दिसत नाही. त्या उतारावर, गेल्या साली वाळलेल्या तांबूस झुडपांच्या मधोमध, पांढरी फुलं उमलली होती. थंडी संपायच्या आधीच जमिनीतून वर येणारी, मान खाली घातलेली, बारकी पांढरी फुलं. आणि ती कशीही उमलली नव्हती. एक उभी दांडी होती. दांडीच्या डाव्या अंगाला खालच्या बाजूला गोल पोट होतं.

डी.

मायरिगने डोळे चोळले. मान तिरकी केली. डीच होता. आणि डी म्हणजे डिऊ. आमच्या भाषेत डिऊ म्हणजे देव, लिहायला डी धरून तीन अक्षरं.

मेंढी शेजारी उभी राहून त्याच्याकडे बघत होती. मायरिगने तिला मिठी मारली. तिने पळून जाऊन आपल्याला इथे आणलं, यातही हात होता. मेंढीने अंग झटकलं.

घरी पोचला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता. एलिनेद म्हणाली, "मेंढी मेली का?"

"न्हाय! सही! सही सापडली!"

"कुणाची?"

मायरिगने बोट वर केलं.

एलिनेदने आधी छताकडे बघितलं, ते गळायचं म्हणून. मग तिला उमजलं, आणि तिने चहाची किटली पुन्हा चुलीवर ठेवली, कारण आता वेळ लागणार होता.

आमच्याकडे रविवारची शाळा फक्त पोरांची नसते. जेवणं उरकून मोठी माणसंही चॅपलच्या मागच्या खोलीत बसतात, आठवड्याचा एक धडा घेतात आणि त्यावर मनसोक्त भांडतात. त्या दिवशी पाळकसाहेब आले होते. त्यांच्याकडे सहा चॅपलं, त्यामुळे ते कुठेही बसले तरी मोटारीची किल्ली हातातच असायची. धडा संपला आणि मायरिग उभा राहिला. तो चॅपलचा डीकन, म्हणजे कारभाऱ्यांपैकी एक, तेव्हा त्याला खाली बस म्हणायची पंचाईत. त्याचा हात कोटाच्या खिशात नव्हता, हे बघून लोकांना थोडा धीर आला.

"आज मी काय आणलेलं न्हाय," मायरिग म्हणाला. "आज तुम्हालाच यायचं हाय."

आणि काय सांगावं, लोक गेले. एक तर पाऊस थांबला होता, दुसरं म्हणजे मायरिगची फजिती बघायला मिळणार असेल तर आमची माणसं सुळका काय, गाडीभर शेण ओलांडूनही जातील. रविवारच्या कोटांखाली चिखलाचे बूट घातलेली सगळी वरात निघाली. मिस मार्गेदना दोघांनी हाताला धरून चढवलं. इद्वलच्या घरापाशी सगळ्यांनी आवाज खाली घेतला. धुराडं धूर टाकत होतं. दरीकडच्या खिडकीवर पडदा होता.

माथ्यावर पोचल्यावर मायरिगने हात पसरला आणि बाजूला झाला, जणू काही पडदा सारणारा तोच.

ढगांतून थोडं ऊन उतरलं होतं आणि ती फुलं भिजून लखलखत होती.

"डीच आहे," पाळकसाहेब शेवटी म्हणाले, आणि त्यांनी किल्ली खिशात ठेवली.

"बघा!" मायरिग म्हणाला. "हे आपोआप झालं? वाऱ्यानं? मी विचारतो, कुणाचा हात हाय हा?"

"पण हा लहान लिपीतला डी आहे," मिस मार्गेद म्हणाल्या. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी त्यांच्या आवाजात खडू होता. "देवाचं नाव मोठ्या अक्षराने सुरू होतं. हे मी पोरांना पट्ट्या मारून शिकवलंय. तुम्हालाही."

"आता तो सोत्ताच लिहितोय म्हटल्यावर," मायरिग म्हणाला, "नम्रपणानं लिहिला असंल."

"माणसाने नम्र व्हावं. त्याने कशाला?"

"जागा कमी पडली असंल," मागून कुणीतरी म्हणालं.

"पुढची दोन अक्षरं कुठं गेली? एकट्या डीवर काय ठरवायचं?"

"सही अशीच असती! आद्याक्षर!"

वाद रंगला. लहान डी की मोठा, दैवी हस्ताक्षर वळणदार असावं की सरळ, देव आमच्याच भाषेत लिहील की त्याला लंडनची भाषा जास्त सोयीची, यावर आमच्या मंडळींनी सुळक्याच्या टोकावर उभं राहून बिनतोड मुद्दे मांडले. शेवटच्या प्रश्नावर मात्र एकमत झालं. तो आमच्याच भाषेत लिहिणार.

एलिनेद मात्र वाद न घालता फुलांकडून घराकडे आणि घराकडून फुलांकडे बघत होती.

"मायरिग," ती हळूच म्हणाली, "हे बराबर इद्वलच्या खिडकीसमोर आलंय."

"म्हणूनच तर!" मायरिगचे डोळे भरून आले. "त्याच्यासाठीच लिहिलंय! तो काय म्हणला हुता? माझं नाव ठावं असलेलं कुणीतरी. घर पण बराबर शोधलं बघ!"

"मायरिग, जरा गप बस. मला वाटतंय..."

पण मायरिग सुळका उतरायला लागला होता. धावत नव्हता, घसरत होता. त्याने इद्वलचं दार वाजवलं, आत गेला आणि म्हणाला, "तू एक म्हणला हुतास. चल. ह्यानं पण पटलं न्हाय तर मी परत कवा तोंड उघडणार न्हाय."

"लिहून देतोस?"

"चल रं!"

मायरिग कायमचा गप्प बसेल हे आमिष मोठं होतं. इद्वलने बूट घातले.

माथ्यावर माणसांनी त्याला वाट करून दिली. इतके लोक बघून तो थबकला, पण मायरिगने पाठीमागून ढकलून त्याला कडेपर्यंत नेलं आणि बोट दाखवलं. "कुणाचा हात हाय हा, इद्वल? तूच सांग."

इद्वल बघत राहिला. त्याने टोपी काढली. मायरिगला वाटलं, झालं, लागला बाण.

"पोट मोठं झालं जरा," इद्वल म्हणाला.

"काय?"

"पोट. डीचं. दोरी न्हवती माझ्यापाशी. अंदाजानं लावलं."

मेंढ्या कुठेतरी ओरडत होत्या. मायरिगच्या डोक्यात ते शब्द मेंढीच्या रवंथासारखे एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात गेले, परत वर आले, आणि तरी पचेनात.

"तू लावलंस?"

"मग काय मेंढरांनी?"

"पण... डिऊ..."

"डिऊ कुठला? डो हाय तो. डो."

आता इथे सांगायला हवं, की आमच्या चॅपलांत पोरं बाराखडीच्याही आधी सूर वाचायला शिकतात, आणि ते सूर अक्षरांत लिहितात. पहिला सूर डो, तुमचा सा म्हणा, तो लहान लिपीतल्या डीने लिहायचा. नेहमी लहान. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाने हा डी आयुष्यात हजारदा वाचून गायला होता. आणि एकालाही तो ओळखू आला नव्हता, कारण मायरिगने आधीच देवाचं नाव घेतलं होतं.

"अगं बाई," मिस मार्गेद म्हणाल्या. "म्हणून लहान."

इद्वल फुलांकडे बघतच बोलला, कुणाला सांगत असल्यासारखं नाही. "नेस्ता वरचं गायची न्हवं. मला म्हणायची, तुझं बरं हाय इद्वल. आम्ही डोंगर चढतो, उतरतो, धापा टाकतो, आन् तू आपला दारात बसलेला. डो, डो, डो. शेवटाला आम्हीच दमून तुझ्याकडं घरी यायचं." तो थांबला. "तिनं अंथरूण धरलं तवा लावलं. म्हटलं, फेब्रुवारीत खिडकीतनं बघंल, आन् हसंल. तेवढंच मागितलं हुतं. फेब्रुवारीपतोर."

त्याने टोपी डोक्यावर ठेवली. "पडदा तवापास्नं उघडला न्हाय मी."

आणि तो खाली उतरून गेला. कुणी त्याच्या मागे गेलं नाही. पाळकसाहेबांनी काहीतरी म्हणण्यासाठी तोंड उघडलं, मिस मार्गेदनी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी मिटलं.

त्या संध्याकाळी मायरिग जेवला नाही. तो चुलीपाशी बसून स्वतःकडे बघत होता, आणि जे दिसत होतं ते त्याला विनोदी वाटलं असतं, दुसऱ्याचं असतं तर. माणूस शिंपल्याच्या कडेत हात शोधत हिंडतो. कोबीत शोधतो, घुबडाच्या ओकारीत शोधतो. आणि शेजाऱ्याने स्वतःच्या हातांनी, गुडघ्यांवर बसून, मरणाऱ्या बायकोसाठी लिहिलेलं अक्षर समोर आलं, तर त्याला एकच गोष्ट सुचत नाही, की हे शेजाऱ्याचं असेल. मित्राने पडद्याआड ठेवलेलं दुःख त्याने सगळ्या गावाला बोट करून दाखवलं होतं, आणि वर त्याच्याखाली भलत्याचंच नाव वाचलं होतं.

"मला सांगायचं हुतं," एलिनेद म्हणाली.

"मी ऐकलं असतं?"

"न्हाय."

"आता तो ओढ्याच्या ह्या अंगाला पाय ठेवणार न्हाय."

एलिनेदने त्याच्यापुढे सूपाची वाटी सरकवली. "पोस्टातली बाई आता भेटली. तुझं नाव पडलं."

मायरिगने डोळे मिटले. आमच्याकडे एकाच नावाची माणसं फार, म्हणून प्रत्येकाला मागे काहीतरी चिकटवतात. कुणाला शेताचं नाव, कुणाला धंद्याचं, आणि कुणाला त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या गाढवपणाचं. एकदा चिकटलं की ते निघत नाही.

"काय पडलं?"

"मायरिग डो."

"थडग्यावर पण हेच येणार," तो म्हणाला.

"लहान अक्षरात घालू," एलिनेद म्हणाली. "नम्रपणानं."

सोमवारी पुन्हा पाऊस. मायरिग कोठारात मेंढ्यांचे खूर तासत बसला होता. हे काम त्याला त्या दिवशी बरं वाटलं, कारण यात मान खाली घालावी लागते. मेंढीला ढुंगणावर बसवायची, पाठीमागून गुडघ्यांत धरायची, आणि चाकूने वाढलेला खूर काढायचा. खूर बघून त्याच्या मनात काहीतरी यायला लागलं, दोन फाके कसे खडकावर धरायला बरोबर, पण त्याने ते तिथल्या तिथे दाबलं.

दारात सावली पडली. इद्वल होता. टोपीवरून पाणी गळत होतं.

मायरिग उठला नाही. उठला असता तर मेंढी सुटली असती. "इद्वल," तो म्हणाला, "काल मी..."

"गप."

तो आत आला आणि गवताच्या भाऱ्यावर बसला. बराच वेळ चाकूचा आवाज आणि पत्र्यावरचा पाऊस.

"काल पडदा उघडला," इद्वल म्हणाला.

मायरिग खूर तासत राहिला.

"वरनं लांब दिसत हुतं. खिडकीतनं जवळ दिसतं." इद्वलने गवताची काडी ओढून काढली. "मी काय केलं हुतं, ठावं हाय? ह्या फुलांचं कांदं पुरलं. एवढं एवढं, वाळकं, सुरकुतलेलं. निम्मं मेलेलं असावं. आन् मग त्येंच्याकडं पाठ करून बसलो. खत न्हाय, राखण न्हाय. बघितलंपण न्हाय. गेल्या साली उगवलं की न्हाय तेपण मला ठावं न्हाय. शिव्या मातुर घातल्या, रोज. पडद्याआडनं."

"हं."

"आन् ती लेकाची आली. लावली हुती त्याच्यापरीस जास्त. म्हणून तर पोट मोठं झालंय. मी काल तुम्हाला म्हणलो अंदाज चुकला. न्हवता चुकला. घरात जाऊन बघितलं नीट. दोरी न्हवती, पण काठीनं जमिनीवर आखून लावलं हुतं, ते आठवलं. पोट आपलं आपण वाढलंय." त्याने काडी मोडली. "कांदं मी पुरलं. उगवलं ते काय मी न्हाय."

मायरिगचा हात थांबला.

इतकी वर्षं तो पुरावा शोधत हिंडला होता. खिशात घालून दारोदार नेला होता. आणि आज तो पुरावा स्वतःच्या पायाने, भिजत, ओढा ओलांडून कोठारात आला होता आणि गवताच्या भाऱ्यावर बसला होता. बोलणारा इद्वल होता. मायरिगला फक्त "बघ!" म्हणायचं होतं. तो शब्द त्याच्या घशात येऊन बसला, तिथल्या नेहमीच्या बेडकाच्या शेजारी. कानांपर्यंत त्याचा चेहरा लाल झाला.

त्याने मेंढीचा दुसरा पाय उचलला.

इद्वल त्याच्याकडे बघत होता. "बोल की."

"काय?"

"तुझं ते. हात बीत."

"मला बुवा खूर दिसतोय," मायरिग म्हणाला. "हा जरा कुजलाय कडेला."

"बोल, न्हायतर फुटशील."

"न्हाय फुटत."

इद्वलच्या तोंडातून एक आवाज निघाला. मायरिगने तो वर्षभर ऐकला नव्हता, त्यामुळे ते हसू आहे हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. खर्जातलं, पत्रा हलवणारं हसू. मेंढी दचकून वळवळली.

"गायनाची तालीम गुरुवारीच असती न्हवं अजून?" इद्वलने विचारलं.

"गुरुवारीच. पण आता साडेसातला. मार्गेदबाईंच्या बोटांना गारठ्यात सैल व्हायला वेळ लागतो."

"माझ्या जागी कोण गातं?"

"मी."

"अरारा," इद्वल म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. तो उठला, अंगावरचं गवत झाडलं, दारापर्यंत गेला आणि वळला. "बाकावर तू भिंतीकडं सरकून बस. पसरून बसायची सवय लागली असंल तुला."

"न्हाय लागली."

"जातो मग, डो."

तो पावसात गेला. मायरिगने त्याला ओढ्यापर्यंत जाताना बघितलं, मग मेंढीला सोडलं, कुजक्या खुराच्या औषधाची बाटली शोधली, आणि कोपऱ्यातून दुसरी मेंढी मागच्या पायाला धरून ओढत आणली.